क्लबचा खरा लिजंड कोणाला म्हणावे? निकष ठरवण्यासाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ता

नमस्कार. आमच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या गटाने माजी खेळाडूंची एक मानाची यादी करायचे ठरवले आहे आणि तिचे निकष लिहून काढण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. दरवर्षी एकाच खेळाडूचे नाव यादीत जाईल. पहिल्याच वर्षी तीन नावांवरून गटात फूट पडली आहे. पहिला आहे एकही मोठा करंडक हाती न लागता सारी कारकीर्द इथेच घालवलेला बचावपटू. दुसरा आघाडीपटू, ज्याने मोजक्या हंगामांत क्लबला विजेतेपद मिळवून दिले, पण नंतर तो थेट कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. तिसरा फारसा खेळलाच नाही. मात्र क्लब खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात असताना शेवटच्या सामन्यात त्याने केलेल्या गोलामुळे आम्ही वाचलो.

सामने, गोल आणि करंडक यांना गुण देऊन बेरीज करावी, असा काहींचा आग्रह आहे. मला तो पटत नाही, पण त्याऐवजी कोणती कसोटी लावावी हे मला नीट मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

गुणांची बेरीज मुळीच करू नका, कारण तसे केल्यास श्रीमंत क्लबमध्ये योग्य वेळी दाखल झालेला कोणताही बरा खेळाडू तुमच्या बचावपटूच्या पुढे जाईल. माझ्या मते प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न ठेवावा: क्लबचे सर्वांत वाईट वर्ष कोणते, आणि त्या वर्षी हा खेळाडू कुठे होता?

या प्रश्नाचे बळ पाहायचे असेल तर इटलीतील युव्हेंटस क्लबचे २००६ साल आठवा. पंच-नेमणुकीच्या घोटाळ्यामुळे क्लबचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि संघाला गुणकपातीसह दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. कॅनाव्हारो रेआल माद्रिदला गेला, इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटरला गेले, झांब्रोटा आणि थुराम बार्सिलोनाला गेले, आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांना कोणी दोष देऊ शकत नाही. पण देल पिएरो आणि बुफॉन हे जुलैमध्ये इटलीकडून जगज्जेते झालेले दोघे जण सप्टेंबरमध्ये रिमिनीसारख्या छोट्या क्लबच्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना खेळायला उतरले, आणि तोही १-१ असा बरोबरीत सुटला. ट्रेझेगे, नेडवेड आणि कामोरानेसीही थांबले. देल पिएरोने त्या हंगामात २० गोल करून दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, आणि वरच्या श्रेणीत परतल्यावर पुढच्याच हंगामात २१ गोलांसह तोच मान तिथेही पटकावला. त्याच्या नावावर त्याआधीही लीगची विजेतेपदे होती, युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा असलेली चॅम्पियन्स लीग होती. तरीही युव्हेंटसच्या चाहत्यांशी बोलताना रिमिनीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

तोत्तीचे उदाहरण थोडे वेगळे आहे. इटलीतल्याच रोमा क्लबसाठी ७८६ सामने, ३०७ गोल, आणि एवढ्या काळात लीगचे विजेतेपद फक्त एक, २००१ सालचे. रेआल माद्रिदसारख्या क्लबला तो हवा असताना तो गेला नाही, आणि त्यामुळे त्याला कशाला मुकावे लागले हे प्रत्येक रोमा-समर्थकाला ठाऊक आहे. हे मोल चाहते कधी विसरत नाहीत. तुमच्या बचावपटूला बाहेरून मागणी होती का, हे मात्र तपासून पाहा, कारण मागणीच नसलेला खेळाडू राहिला म्हणून त्याला निष्ठावान म्हणणे थोडे धाडसाचे होईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते सुरुवातीलाच यायला हवे होते. निष्ठेचे अवास्तव कौतुक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रेंच आघाडीपटू कँटोना इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडमध्ये नोव्हेंबर १९९२ मध्ये आला आणि मे १९९७ मध्ये निवृत्त झाला, म्हणजे पाच वर्षेही पुरी झाली नाहीत. तो आला तेव्हा युनायटेडने १९६७ नंतर लीग जिंकलेली नव्हती. तो असताना पाच हंगामांत चार वेळा जिंकली. जो एक हंगाम हातचा गेला, त्यात जानेवारी १९९५ मध्ये त्याने क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर एका प्रेक्षकाला लाथ मारून सप्टेंबरअखेरपर्यंतची बंदी ओढवून घेतली होती, आणि ब्लॅकबर्नने अवघ्या एका गुणाने विजेतेपद नेले. तर्काने पाहिले तर चाहत्यांनी त्याच्यावर रागवायला हवे होते. प्रत्यक्षात ते आजही त्याच्या नावाचा घोष करतात.

माराडोनाही नापोलीत, म्हणजे दक्षिण इटलीतील नेपल्स शहराच्या क्लबमध्ये, १९८४ ते १९९१ एवढाच काळ होता आणि उत्तेजक चाचणीत दोषी ठरून गेला. पण १९८७ पूर्वी त्या क्लबने लीग कधीच जिंकलेली नव्हती. उत्तरेकडच्या धनाढ्य क्लबांसमोर वर्षानुवर्षे हिणवून घेणाऱ्या शहराला त्याने ताठ मानेने उभे केले, आणि २०२० मध्ये त्याच्या निधनानंतर स्टेडियमलाच त्याचे नाव देण्यात आले. तेव्हा तुमच्या आघाडीपटूला केवळ तो गेला म्हणून बाद करू नका. तो येण्यापूर्वी तुमचा क्लब स्वतःकडे कसा पाहत होता आणि नंतर कसा पाहू लागला, हे विचारा.

प्रतिसाद ३

तिसऱ्या नावाबद्दल थोडक्यात लिहितो. जिमी ग्लास हा गोलरक्षक लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून तात्पुरता उसना, इंग्लंडच्या कार्लाइल युनायटेडकडे आला आणि जेमतेम तीन सामने खेळला. ८ मे १९९९ रोजी प्लिमथविरुद्ध बरोबरी झाली असती तर कार्लाइल फुटबॉल लीगमधूनच, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींमधूनच, बाहेर फेकला गेला असता. भरपाई वेळेत कॉर्नर मिळाला, ग्लास स्वतःचा गोल सोडून समोरच्या पेनल्टी क्षेत्रात धावत गेला, आधीचा हेडर गोलरक्षकाने थोपवल्यावर सुटलेला चेंडू त्याच्या पायाशी आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. लोक मैदानात घुसले. त्या क्लबमध्ये त्याचे नाव कधीच पुसले जाणार नाही. तरीही शेकडो सामने खेळलेल्या खेळाडूच्या शेजारी त्याला बसवले तर दोघांवरही अन्याय होतो. अशा एका क्षणासाठी स्वतंत्र मान ठेवा.

प्रतिसाद ४

मुद्दा केवळ जाण्याचा नसून कसे गेला याचा आहे. फिगो २००० मध्ये बार्सिलोनाहून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला, आणि २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या कँप नोऊ मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला असताना प्रेक्षकांतून डुकराचे डोके मैदानात येऊन पडले. सोल कँपबेल २००१ मध्ये करार संपल्यावर टॉटनहॅमहून शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला गेला, त्यामुळे टॉटनहॅमला एक पैसाही मिळाला नाही. याउलट बातिस्तुता फ्लोरेन्सच्या फिओरेंटिना क्लबबरोबर १९९३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत उतरला, संघाला पुन्हा वर आणून आणखी अनेक हंगाम खेळला आणि २००० मध्ये रोमाला विकला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने फिओरेंटिनाविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल केला, तेव्हा जल्लोष न करता त्याला रडू कोसळले. फ्लोरेन्समध्ये त्याच्याबद्दलचा आदर त्या गोलाने कमी झाला नाही.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. एकमताची अट घालू नका. माल्दिनी मिलानसाठी ९०२ सामने खेळला, पाच युरोपियन कप जिंकला, आणि मे २००९ मध्ये घरच्या मैदानावरील त्याच्या अखेरच्या सामन्यात मिलानच्याच कडव्या समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या मारून आणि आधीचा कर्णधार बारेसी याचा जयजयकार करून त्याचा अपमान केला. माल्दिनीच्या बाबतीत एकमत झाले नाही, तर ते तुमच्याकडे कोणाच्या बाबतीत होणार आहे?

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बाहेरून मागणी होती का, हा प्रश्न मी मसुद्यात घेतला आहे, आणि माहितीसाठी सांगतो की बचावपटूला दोनदा मोठ्या क्लबांनी मागितले होते. एक शंका उरते. निवृत्तीनंतर किती काळ थांबावे? आघाडीपटूविषयीचा राग अजून ताजा आहे.

प्रतिसाद १

किमान पाच वर्षे थांबा. काळ किती फरक पाडतो हे बर्ट ट्राउटमनच्या उदाहरणावरून दिसते. जर्मन सैन्यातील हा माजी छत्रीधारी सैनिक युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये आला, तिथेच राहिला, आणि १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले तेव्हा हजारो लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. १९५६ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅमविरुद्ध तो आघाडीपटूच्या पायांशी झेपावला, जबर जखमी झाला, आणि तरीही उरलेला वेळ गोलात उभा राहिला. सिटी ३-१ ने जिंकली. त्याची मान मोडली होती, हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळले. १९६४ पर्यंत ५४५ सामने खेळून तो थांबला, तेव्हा त्याला निरोप देण्यासाठी स्टेडियम तुडुंब भरले होते. १९४९ मध्ये मतदान घेतले असते तर काय निकाल लागला असता, याची कल्पना करा.

मसुद्यात दोन गोष्टी आणखी घाला. नाव सुचवणाऱ्याने त्या खेळाडूला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेल्या किमान दोन चाहत्यांची लेखी आठवण जोडावी, म्हणजे केवळ चित्रफिती पाहून मते पडणार नाहीत. शिवाय नाकारलेले नाव तीन वर्षांनी पुन्हा आणण्याची मुभा असावी. तुमच्या तिघांपैकी यंदा बचावपटूला घ्या, गोल करून वाचवणाऱ्याला प्रतिसाद ३ मध्ये सुचवल्याप्रमाणे वेगळा मान द्या, आणि आघाडीपटूचे नाव फेटाळू नका, फक्त पुढे ढकला.