हायब्रीड सोडून रोडबाईक घ्यावी का? (सातारा, वय ४७, डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल-फेरी)

कृष्णाकाठ
सहा वर्षं सरळ हँडलची हायब्रीड सायकल चालवतोय. वजन १४ किलो, पुढे सस्पेन्शन, ७०० बाय ३८चे (३८ मिलिमीटर रुंदीचे) टायर, पेडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चक्रं). रोज एमआयडीसीत कामाला जाऊन-येऊन १८ किलोमीटर होतात आणि रविवारी ग्रुपबरोबर ५०-६०. कधी यवतेश्वर चढून कास, कधी वाईहून पसरणी घाटाने पाचगणी.

घाटात मी ग्रुपला धरून असतो. पण महामार्गाला लागलो की बाकीचे पाचही जण रोडबाईकवर ताशी २७-२८ने निघून जातात आणि मी २२वर. मागच्या रविवारी पाचवड ते सातारा समोरचा वारा खात एकटाच आलो. घरी पोचल्यावर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तासभर बधिर होतं.

बजेट ७० हजार, तेही हायब्रीड विकून येतील ते धरून. जिन्याखाली एकाच सायकलीला जागा आहे, त्यामुळे 'दोन्ही ठेवा' हा सल्ला उपयोगाचा नाही. कामावरही तीच न्यायची आहे, डबा आणि बूट घेऊन. बदलू का?

घाटवेडा
बदला, आणि डिसेंबरची वाट बघू नका. ताशी २५च्या वेगाला सपाटीवर निम्म्याहून जास्त जोर हवा कापण्यात जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि तो मोडायला लागणारी ताकद आठपट. सरळ हँडलवर तुम्ही छाती पुढे काढून बसता, म्हणजे तुमचं शरीरच शीड होतं. तुम्ही पाय कितीही कमवा, ती कमाई वाऱ्यालाच जाते.

मी चार वर्षांपूर्वी बदलली. त्याच दमात सपाटीवर २२चे २५ झाले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रुपच्या मागे चिकटून राहता यायला लागलं. पुढच्याच्या आडोशाला बसणं हे कष्ट वाचवायचं सर्वांत मोठं साधन आहे, आणि ते फक्त ग्रुपच्या वेगाने जाणाऱ्यालाच मिळतं. तुम्ही पाचवडपासून एकटे आलात ते याचमुळे.

आडवाट
घाटवेडांचं हवेचं गणित बरोबर आहे. पण मूळ प्रश्न बीआरएमचा आहे ना? २००ला साडेतेरा तास मिळतात. सरासरी १५चीसुद्धा गरज नाही. चाक फिरत असताना २०चा वेग ठेवलात तर दहा तासांत दोनशे होतात. चहा, जेवण, पंक्चर, कंट्रोलवरचे (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांवरचे) शिक्के या सगळ्याला साडेतीन तास उरतात. यात ७० हजारांची सायकल कुठे लागते?

वजनाचंही बघा. तुम्ही ७५-७६ किलोचे असाल तर सायकल धरून ९० किलो. दहा किलोची रोडबाईक घेतलीत तर ८६. वाई ते पाचगणी तुम्हाला सव्वा तास लागत असेल तर बचत तीन-साडेतीन मिनिटांची.

आणि गिअर? तुमच्याकडे पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील असं धरतो. पेडलचा एक फेरा मारला की सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर. रोडबाईकला पुढे लहानात लहान ३४, मागे मोठ्यात मोठं २८. तेच साठ फेरे ठेवायचे तर ताशी सव्वानऊने चढावं लागतं. पसरणीच्या कडक वळणांवर सत्तेचाळिसाव्या वर्षी हा फरक गुडघ्यांना कळतो. घाटात आज तुम्ही ग्रुपबरोबर आहात ते याच गिअरमुळे.

घाटवेडा
मागे २८ हे जुनं झालं. आता शिमानोचे क्लॅरिस-सोरा गिअर असलेल्या बऱ्याच सायकलींना मागे ३२ येतं. त्यावर ताशी आठ होतात. बाकीचं आकडेवारीत बसत नाही. साडेतेरा तासांत कशीबशी पूर्ण करणं आणि दीडशेव्या किलोमीटरला अंगात जीव शिल्लक असणं यात फार अंतर आहे. दहा तास त्याच एका पकडीत हात ठेवून बघा. रोडबाईकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलला ब्रेकच्या टोपीवर, वरच्या सरळ भागावर, खाली वाकात अशा तीन पकडी मिळतात. त्यांची करंगळी बधिर होतेय ती सरळ हँडलमुळेच.

मधुरा_फिजिओ
इथे थांबवते, कारण करंगळीचा विषय माझ्या कामाचा आहे. करंगळी आणि शेजारच्या बोटाची नस मनगटाजवळ तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते. मनगट मागे मोडलेलं ठेवून त्यावर भार टाकला की ती दाबली जाते. सरळ हँडलवर हे होतं हे खरं, पण रोडबाईकवरही होतं, कारण तिथे भार आणखी पुढे येतो. माझ्याकडे येणाऱ्या सायकलवाल्यांत दोन्ही प्रकारचे आहेत.

कृष्णाकाठ, आधी सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना ते बघा. झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला अडवता. मग हँडलच्या टोकांना बार-एंड (पुढे येणारी छोटी शिंगं) लावा, तळव्याला आधार देणाऱ्या रुंद ग्रिप बसवा. खर्च हजाराच्या आसपास. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा सायकल चालवत नसतानाही बोटं बधिर होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक विचारते. कधी मानेचा त्रास झालाय? खाली वाकून समोर बघायचं म्हणजे मान मागे मोडावी लागते, आणि पन्नाशीकडे झुकताना तिची पूर्वीइतकी तयारी नसते. शोरूममध्ये दहा मिनिटं बसून हे कळत नाही, चाळिसाव्या किलोमीटरला कळतं.

माणदेशी_चाक
वाऱ्याचं, गिअरचं झालं, रस्त्याचं कुणीच बोललं नाही. मी म्हसवडचा. २५चे टायर लावलेली रोडबाईक दोन वर्षं चालवली आणि गेल्या साली विकली. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर चिपाडं आणि दगड सांडत जातात, शिवाय गावोगावी रंबलर. ३८च्या टायरमध्ये ५०-५५ पीएसआय हवा असते, तो धक्का गिळतो. पंचविशीच्या टायरात ९० भरलेली, प्रत्येक पट्टी थेट मणक्यात.

आणि रोडबाईकच्या ट्यूबचा तो बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह. दहिवडीजवळ ट्यूब फुटली, जवळची दुसरी ट्यूबही गेली. पंक्चरवाल्या काकांनी मनापासून प्रयत्न केला, पण त्यांच्या पंपाचं तोंड त्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर माझ्याजवळ नव्हता, म्हणून टेम्पोत सायकल टाकून घरी आलो. कामावर रोज जायची सायकल अशी असून चालत नाही. कृष्णाकाठ दादा, डबा आणि बूट कुठे बांधणार? बऱ्याच रोडबाईकना कॅरियरची भोकंच नसतात. पाठीवर सॅक घ्याल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत मडगार्डशिवाय सगळा चिखल तिच्यावर.

घाटवेडा
अडॅप्टर खिशात ठेवला की तो प्रश्न संपतो, त्यासाठी सायकल विकायची नसते. आणि सगळ्या रोडबाईक पंचविशीच्या टायरवर राहिलेल्या नाहीत. एन्ड्युरन्स प्रकारात हँडल जरा उंच असतं, ३२चा टायर मावतो, काहींना मडगार्ड-कॅरियरची भोकंही असतात. यांनी तीच घ्यावी.

आडवाट
तशी सायकल डिस्कब्रेकसकट ७० हजारांत नवी मिळवायला बरंच हिंडावं लागेल. आणि ३२चा टायरच लावायचा असेल तर तो आहे त्या हायब्रीडलाही बसतो. ३८चे गुठळ्यांचे टायर काढून ३२चे गुळगुळीत लावा, सस्पेन्शनला लॉक असेल तर सपाटीवर लॉक करा. टायरच्या जोडीला पाच हजारांच्या आत खर्च येईल. २२चे २५ होणार नाहीत, २३-२३.५ होतील. तेवढं मी स्वतःच्या सायकलीवर मोजलं आहे. आणि लांब पल्ल्याला रोडबाईकच लागते असंही नाही. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे १२०० किलोमीटर लोक टँडेमवर (दोघांनी चालवायच्या सायकलीवर) आणि झोपून चालवायच्या रिकंबंटवर पूर्ण करतात. त्यांची सुरुवातीची तुकडीसुद्धा वेगळी लावतात.

सईची_सायकल
मी हायब्रीडवर २०० केली, ३०० केली आणि मग रोडबाईक घेतली. क्रम असाच असावा असं मला मनापासून वाटतं. ३००ला वीस तास असतात, म्हणजे रात्र लागतेच. रात्री अकरा वाजता खंबाटकी उतरताना मला कळलं की माझी तक्रार वेगाची नाहीच, पाठीची आहे. त्यामुळे दुकानात गेले तेव्हा काय मागायचं ते ठाऊक होतं. उंच हँडल, आखूड स्टेम (हँडल धरणारा दांडा), बोटांना जवळ येणारा ब्रेक. दोनशेच्या आधी घेतली असती तर मी सर्वांत हलकी उचलली असती आणि आज ती पडून असती.

पण आडवाट, एका बाबतीत मी घाटवेडांच्या बाजूची आहे. ग्रुपमागे एकटं पडत राहणं मनाला लागतं. रविवारी पहाटे पाचला उठायची ओढ त्यानेच कमी होते. ते तासांच्या गणितात येत नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मधुराताई, सीटचं नाक खरंच खाली होतं, लेव्हल लावून सरळ केलं. मानेचा त्रास नाही.

काल ग्रुपमधल्या एकाची रोडबाईक मागून घेतली, माझी त्याला दिली. सातारा ते वाई आणि वर पाचगणी. पाचवडपर्यंत २६ने गेलो आणि बोलत बोलत गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा महामार्गावर त्यांच्यातलाच एक होतो. सई म्हणतेय ते खरं आहे, घरी आलो तो वेगळ्याच आनंदात होतो. पण पसरणीत दोनदा पाय टेकवले. त्याला मागे २८च आहे. माझ्या सायकलीवर मी तिथे कधी थांबलेलो नाही. आणि आज सकाळी कामावर जाताना डबा कॅरियरला अडकवला तेव्हा ही सायकल विकायची कल्पना जड गेली.

डिसेंबर याच सायकलवर करतो. ३२चे टायर आणि बार-एंड आज मागवले. ३०० करावीशी वाटली तर जिन्याखालची पाण्याची टाकी हलवता येते का ते बघेन, बायकोला आजच सांगून ठेवलंय.

घाटवेडा
मला अजून वाटतं की तुम्ही एक हिवाळा वाया घालवताय. २६ने गेलात ना? पाय तयार आहेत तुमचे. पण दोनशेला मी येतोय, माझ्या मागे बसा, महामार्गावर २३च्या वर जाणार नाही.

कृष्णाकाठ
हे मोठं बोललात, नक्की बसतो. आडवाट, एक विचारायचं राहिलं. रिमवर ६२२ बाय १९ लिहिलंय. ३२चा टायर बसेल ना? आणि हवा किती?

आडवाट
६२२ हा रिमचा व्यास आणि १९ आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये. व्यवस्थित बसेल. पुढे ६०, मागे ७०पासून सुरुवात करा. जुन्या ३८च्या ट्यूब त्यात कोंबू नका, घडी पडून कापतात. नव्या घ्या, आणि व्हॉल्व्ह मोटरसायकलीसारखाच घ्या, म्हणजे दहिवडीतही हवा मिळेल.