मदत हवी आहे: एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) बातम्यांची स्वतंत्रता मोजायची कशी?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या वार्तांकनाची तुलना करणारा तक्ता बनवतोय. अडचण हितसंबंधांच्या रकान्यात आहे. सेव्हन आणि फॉक्सटेल या टीव्ही कंपन्यांकडे सामन्यांचे प्रक्षेपण हक्क (2025 ते 2031 चा करार, टेलस्ट्रा या दूरसंचार कंपनीसह सुमारे 4.5 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर), आणि लीगचं स्वतःचं बातमी संकेतस्थळही आहे. म्हणजे बातमी देणारा अनेकदा लीगचा भागीदार, नाहीतर थेट नोकर.

पण ‘हक्क आहेत = पक्षपाती’ असा सरळ गुण दिला की तक्ता फसतो. एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेकडे रेडिओ प्रक्षेपण आहे, तरी हॉथॉर्न क्लबमधल्या फर्स्ट नेशन्स (मूळ रहिवासी) खेळाडूंना मिळालेल्या वागणुकीबद्दलची सप्टेंबर 2022 ची बातमी तिनेच फोडली. म्हणून मालकी एका रकान्यात, आणि बातमीतले नाव घेऊन बोललेले स्रोत, निनावी स्रोत, क्लबचं उत्तर, हितसंबंधांचा उल्लेख हे वेगळ्या रकान्यांत ठेवलंय. वृत्तसंस्थेचा मजकूर चार ठिकाणी जसाच्या तसा छापला तर ती एकच बातमी धरतो, नाहीतर आकडे उगाच फुगतात.

आता प्रश्न. क्लबमध्ये पद असलेल्या समालोचकाला कुठे टाकायचं? एडी मॅकग्वायर 1998 ते 2021 कॉलिंगवुड क्लबचे अध्यक्ष होते आणि त्या काळात टीव्हीवरही होते. त्यांची सगळी वक्तव्यं बाजूला काढायची, की फक्त कॉलिंगवुडबद्दलची? दुसरं, नंतर गुपचूप बदललेले मथळे कसे पकडता? रोज ठरावीक वेळी पान जतन करण्यापेक्षा सोपी युक्ती असेल तर सांगा.