नववीचा प्रकल्प आणि जिभेची नळी (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

मेघना, बी-३०४: मंडळी, एक विचारायचं होतं. लेकीला नववीच्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ धड्यावर वर्गाची पाहणी करायला दिलीय. जीभ नळीसारखी कोणाची वळते, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, खळी, डावखुरे वगैरे. हिची जीभ झकास वळते. माझी नाही, ह्यांचीही नाही. तर एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, “मग तू त्यांची नाहीसच.” कालपासून धड जेवली नाहीये. सारखी आरशासमोर मला उभं करून कान ताडून बघतेय.

सुहास, ए-१०२: अरे बापरे. पण वहिनी, आम्हालाही हेच शिकवलं होतं. जीभ वळणं हा प्रभावी गुण, दोघांनाही येत नसेल तर मुलाला येणार नाही.

जोशी मॅडम, सी-२०१: मेघना, आधी तिला जवळ घे आणि सांग की हा नियमच खोटा आहे. सुहास, १९४० साली स्टर्टेव्हंट या मोठ्या आनुवंशशास्त्रज्ञाने तसं लिहिलं होतं. १९५२ मध्ये मॅटलॉकने एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यातल्या ७ जोड्यांत एकाची जीभ वळायची, दुसऱ्याची नाही! जनुकं तीच, तरी फरक. पुढे १९६५ मध्ये खुद्द स्टर्टेव्हंटनेच लिहिलं की पुस्तकांत हे अजून छापलेलं बघून संकोच वाटतो.

जोशी मॅडम, सी-२०१: आणि जपानी शाळकरी मुलांचं बघा. ६-७ वर्षांच्या मुलांत ५४ टक्क्यांना जीभ वळवता येत होती, १२ वर्षांच्यांत ७६ टक्क्यांना. म्हणजे बरीच मुलं वाढता वाढता शिकतात. यावरून कुणाचे आईवडील कोण हे ठरवायचं?

सुहास, ए-१०२: हे खरंच माहीत नव्हतं. कानाच्या पाळीचं तरी खरं ना?

जोशी मॅडम, सी-२०१: नाही रे. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात पाळीशी संबंधित ४९ जागा सापडल्या आपल्या जनुकसंचात, म्हणजे हे एकाच जनुकाचं काम नाही. शिवाय वर्गात नीट बघ, बऱ्याच मुलांची पाळी धड सुटीही नसते आणि धड चिकटलेलीही नसते. त्यांना कुठल्या रकान्यात घालणार? उंचीच्या बाबतीत तर अशा १२ हजारांवर जागा आहेत.

प्रकाश काका, बी-१०१: रक्तगट तरी पक्का धरायचा ना मॅडम?

जोशी मॅडम, सी-२०१: बऱ्याच अंशी हो काका, एबीओ गट एकाच जनुकावर ठरतो. पण तिथेही अपवाद आहे, आणि तो आपल्या मुंबईतच सापडला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. ए आणि बी ज्या पायावर तयार होतात तो एच पदार्थच या लोकांत नसतो. म्हणून साध्या तपासणीत गट ओ दिसतो. एबी गटाच्या आईचं मूल असं ‘ओ’ दिसू शकतं. यांना ओ रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं.

स्नेहल, ए-४०३: मेघना, खूप वाईट वाटलं वाचून. आमच्या मुलाला आम्ही दत्तक घेतलंय हे इथे सगळ्यांना माहीतच आहे. ‘घरच्यांशी जुळवून तक्ता भरा’ असा गृहपाठ आला की आमच्याकडे दोन दिवस तणाव असतो. सहामाहीनंतर हाच धडा त्याच्याही वर्गात येईल.

जोशी मॅडम, सी-२०१: स्नेहल, अगदी बरोबर. पाहणी वर्गापुरती ठेवावी, नावं न लिहिता. पालकांचा रकाना असूच नये. मुलांमध्ये किती वैविध्य आहे एवढंच तर बघायचंय. मी उद्या शाळेच्या बाईंशी बोलते.

सुहास, ए-१०२: मग एका जनुकाचं, खात्रीचं असं काही देता येईल का मुलांना?

जोशी मॅडम, सी-२०१: लाल-हिरव्याचं रंगांधत्व समजावून सांगावं. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. म्हणून मामाला असेल तर भाच्याला असण्याची शक्यता असते, आईला मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. हे लवकर कळलेलं बरं. रेल्वेत इंजिन चालवायचं स्वप्न असलेल्या मुलाला बारावीनंतर कळलं तर फार जड जातं. पण तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, वर्गात सगळ्यांसमोर नको.

मेघना, बी-३०४: मॅडम, तिला हे सगळं वाचून दाखवलं. जुळ्यांचं दोनदा वाचायला लावलं 🙏 आत्ता पोळी खातेय. विचारतेय, तक्ता नव्याने करू का?

जोशी मॅडम, सी-२०१: जरूर. नावांचा रकाना काढ म्हणावं, वयाचा घाल. पाळीसाठी ‘मधली’ असा तिसरा रकाना हवा. आणि पाचवीच्या वर्गाचीही जीभ तपासायला परवानगी मागू, म्हणजे वयाचा फरक आपल्याकडे दिसतो का ते कळेल. संध्याकाळी सहानंतर पाठव तिला माझ्याकडे, आलेखाचे कागद आहेत घरात.