बटण दाबलं की कॉफी?

बी-४०२: टँकरचा विषय संपला असेल तर एक विचारू का? बिया दळण्यापासून कपात कॉफी येईपर्यंत सगळं करणारं मशीन घ्यायचंय. डेलॉन्गीचं मॅग्निफिका मनात आहे. कुणाकडे आहे का?

ए-७०१: आमच्याकडे आहे, तिसरं वर्ष. कॉफी झकास. पण ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ला भुलू नका. सुरू करताना आणि बंद होताना ते स्वतःला खंगाळतं, ते पाणी खालच्या ट्रेत साचतं. तो ओतायचा आपणच. दिवाळीत चोथ्याचा डबा रिकामा न करता गावी गेलो होतो. आल्यावर उघडला तर आत हिरवट मखमल.

सी-१०३: शी!!

ए-७०१: काकू, खरंच. म्हणून ब्रू ग्रुप, म्हणजे आत कॉफी गाळणारा भाग, बाहेर निघतो का ते आधी बघा. मॅग्निफिकाचा निघतो. आठवड्याला नळाखाली धरायचा, साबण नाही. युरा कंपनीच्या मशीनचा निघत नाही, त्याला सफाईची गोळी लागते.

सी-१०३: आमच्या बीपीच्या गोळ्या काय कमी आहेत?

डी-२०४: खोक्यावर १५ बार लिहिलेलं असतं, त्याला जास्त पैसे मोजू नका. तो पंपाचा कमाल दाब, एस्प्रेसोला ९ च्या आसपास पुरतो. प्लग मात्र बघा. मशीन १४५० वॅटचं, ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर नको. आपल्या ओट्याजवळ १६ चा पॉइंट एकच, त्यावर मायक्रोवेव्ह.

ए-७०१: आणि पाणी! सोबत एक पट्टी मिळते, पाण्यात बुडवायची. आमच्या बोअरच्या पाण्यात चारही चौकोन लाल, म्हणजे पाणी फार जड. गीझरच्या कॉइलची दशा आठवा. मशीनने सांगितलं की डीस्केल करायचंच, म्हणजे आतले क्षार काढायचे, आणि त्यात व्हिनेगर ओतायचं नाही.

बी-४०२: आईला चिकोरी मिसळलेली कॉफीपूड लागते, जमेल?

ए-७०१: बियांच्या खणात पूड कधीच नाही. पुडीसाठी वेगळी जागा असते, एका वेळी एकच चमचा. पण चिकोरी चिकट, नादाला लागू नका. आईंचा पितळी फिल्टर राहू द्या. बियाही तेलाने चकाकणाऱ्या काळ्याभोर नकोत, दळणीला चिकटतात. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या घ्या.

बी-४०२: घरात विचारलं, धुणार कोण? सगळे एकदम मोबाईलमध्ये.

सी-१०३: मावशींवर ढकलू नकोस हो. कढया वाढल्या म्हणून त्या आधीच तापल्यात.

ए-७०१: रविवारी सकाळी या. कॉफी मी देतो, ट्रे आणि ब्रू ग्रुप तुम्ही धुवा. मग ठरवा.

बी-४०२: येतो. आईपण येतेय, थर्मासमध्ये स्वतःची कॉफी घेऊन.