मॉरिशस: मनात काय राहिलं? (अनुभव धागा)

मॉरिशस म्हटलं की निळं पाणी आणि हनिमूनचे फोटो डोळ्यांपुढे येतात. मला मात्र आठवतात ते उसाच्या फडातले काळ्या दगडांचे ढीग. अगदी सह्याद्रीचा दगड! घरी येऊन वाचलं, तर खरोखर भावकी निघाली. शेजारच्या रियुनियन बेटाखाली आज जी ज्वालामुखीची भट्टी आहे, तिनेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ओतला. आपला भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच भट्टीने गेल्या कोटीभर वर्षांत समुद्रातून मॉरिशस वर काढलं.

जाऊन आलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी जरूर लिहा. हॉटेलं आणि खर्च इथे नकोत, मनात राहिलेलं सांगा.

कातळवाट
आमची घरची ऊसशेती, त्यामुळे मी किनारा सोडून फडच बघत हिंडलो. जुलैत तोड चालू होती. फडाच्या मधोमध दगड रचलेले, काही ढीग घराएवढे. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून आलेल्या लोकांनी रान मोकळं करताना हातांनी वेचलेले. आपणही दगड वेचून बांध घालतो, पण हे बघून बोलणंच सुचेना.
राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, हे मजूर बोटीतून उतरायचे ती जागा. तिथे १६ पायऱ्या आहेत. १८३४ पासून जवळपास पाच लाख माणसं या घाटावरून गेली. एका पायरीवर हात टेकवून बराच वेळ बसलो.

आजोळ संगमेश्वर
आम्ही गणेशचतुर्थीला गेलो होतो. तिथे त्या दिवशी देशभर सुट्टी असते. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात मराठी वस्ती जुनी आहे, मूळ बहुतेकांचं कोकणातलं. एका घरी गणपती बघायला गेलो. आजी आधी क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, बोलल्या, मग आम्ही कुठले ते कळल्यावर थांबल्या आणि एकेक शब्द आठवून म्हणाल्या, "बस. जेवून जा." त्यांच्या नातवंडांना घरात ऐकून एवढंही येत नाही, ती मराठी शिकतात ती शाळेत. संध्याकाळी अंगणात झाकरी नाच सुरू झाला. ढोलकीवाला मधे, भोवती रिंगण. ही तर आमची कोकणातली जाखडी! लहानपणी मामाच्या वाडीत चाळ बांधलेले पाय एका ठेक्यावर पडताना ऐकलेत, तोच ठेका. मला रडू आवरेना. आजींनी काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.
जाणार असाल तर गणपतीतच जा, असं मी मनापासून सांगेन.

मीठमिरची
ढोलपुरीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पुरणपोळी तिखटमिठाची केली तर कशी लागेल, तशी. आत वाटलेली डाळ, जिरं, हळद. पोळी इतकी मऊ की हातात धरली की लवते. गाडीवाला दोन एकत्रच देतो, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी, वर कागदाची गुंडाळी. उभ्यानेच खायची. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच, तिथे तो लोणी लावलेल्या पावात घालून सकाळी खातात. अननसाला मीठ, मिरची, चिंच लावून देतात, तोही सोडू नका.

पाऊसवेडी
शामारेल गावाजवळची सात रंगांची माती ऊन असतानाच बघा. लोखंडामुळे लाल-तपकिरी, ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळी. मूळ तोच काळा दगड, कुजून असा झालेला. ल मोर्न डोंगराचा कडा मात्र नुसता फोटोपुरता बघू नये. गुलामीतून पळालेली माणसं तिथे लपून राहत असत.

डोंगरभाऊ
मी पुढे रियुनियनला गेलो. पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटरचा जागता ज्वालामुखी. बेलकोंबच्या कड्यावरून पायऱ्या उतरलो की खाली थिजलेला लाव्हा. जागोजागी सुंभ वळल्यासारखा पीळ पडलेला, चालताना बुटाखाली कुरकुर वाजतो. आपल्या घाटातला दगड पावसाने गुळगुळीत झालेला, इथला इतका करकरीत की तळहात खरचटला.
पहाटे निघा. दहा वाजेपर्यंत ढग चढतात आणि मग काही दिसत नाही.