आळस नव्हे, घड्याळ

'पहिल्या नोकरीत मुलं महिन्याभरात चिडचिडी होतात ती कामाच्या ताणामुळे', असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. अर्धं पटतं. पण झोपेचा हिशेब कोणीच मांडत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरावर असतं. दीडला झोपून साडेनऊला उठणाऱ्याला एकदम सहाला उठवलं, की रोज साडेतीन तासांची तूट. त्याला 'लवकर झोप' सांगून उपयोग शून्य. अकराला आडवा झाला तरी मेंदू जागाच, मग कूस बदलत उद्याच्या मीटिंगची उजळणी.

सुरुवात उठण्यापासून करायची. रुजू व्हायच्या तीन आठवडे आधीपासून गजर दर दोन दिवसांनी 20 मिनिटं अलीकडे आणायचा, झोप आपोआप मागोमाग येते. उठल्या उठल्या 20-30 मिनिटं बाहेरच्या उजेडात. आभाळ भरलेलं असलं तरी तो खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. कॉफी दुपारनंतर बंद, कारण कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सगळा घोळ होतो तो सुट्टीला. दोन दिवस दहापर्यंत ताणून दिली की घड्याळ परत उशिरावर, आणि सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. तासाभरापेक्षा जास्त फरक नको. तूट फारच असेल तर दुपारी तीनच्या आत 20 मिनिटांची डुलकी. एवढं करूनही दोन आठवडे मन उदास, भूक मेलेली असेल, तर मात्र डॉक्टरकडेच जायला हवं.