नववीतल्या मुलासाठी पहिला गेमिंग संगणक: ६० हजारांत काय घ्यावे?

प्रश्न
नमस्कार. माझा मुलगा दोन वर्षांपासून माझ्या जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट खेळतो आणि आता त्याला व्हॅलोरंट व जीटीए ५ खेळता येईल असा स्वतःचा संगणक हवा आहे. मॉनिटरसह ६० हजार रुपये खर्च करण्याची आमची तयारी आहे. सांगलीतील एका दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आहे. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, त्यापुढे मात्र केवळ ‘५०० वॉट’ एवढेच लिहिले आहे. माझे दीर म्हणतात की, त्यापेक्षा गेमिंग लॅपटॉप घ्यावा. एवढा खर्च आम्हाला पुन्हा लगेच झेपणार नाही, म्हणून विचारते आहे.

उत्तर १
ताई, लॅपटॉप नको. त्यातील ग्राफिक्स चिप पुढे बदलता येत नाही, डेस्कटॉपचा मात्र एकेक भाग सवडीने बदलता येतो. माझे स्पष्ट मत असे, की ग्राफिक्स कार्डही आत्ता घेऊ नये. रायझन ५ ८६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असते आणि सेटिंग थोडी उतरवली, तर आपण लिहिलेले तिन्ही खेळ त्यावर १०८०पीमध्ये (फुल एचडी चित्रात) व्यवस्थित चालतात. हा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) असल्यामुळे आज घेतलेला मदरबोर्ड पुढच्या प्रोसेसरलाही उपयोगी पडेल. मुलगा नेमके काय खेळतो हे वर्षा-दीड वर्षात कळेल, तेव्हा त्या बेताने कार्ड घ्यावे.

रॅमबाबत मात्र तडजोड करू नये. अशा ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते. म्हणून १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात आणि त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांमध्येच बसवून घ्याव्यात. एका स्टिकवर डेटा वाहून नेण्याची क्षमता निम्मी राहते आणि खेळ अडखळतो.

उत्तर २
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मला काळजी वाटते ती त्या ‘५०० वॉट’ची. माझ्या भाच्याच्या संगणकात दुकानदाराने असाच बिननावाचा एसएमपीएस बसवला होता. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी दिवे मंदावून पुन्हा उजळले आणि त्याच क्षणी जळका वास आला. एसएमपीएसबरोबर मदरबोर्डही गेला. काढून हातात घेतला तेव्हा तो डबा रिकामा वाटावा इतका हलका होता. आपण नामांकित कंपनीचा, किमान ५५० वॉटचा आणि ‘८० प्लस ब्रॉन्झ’ शिक्का असलेला घ्यावा. तो शिक्का केवळ विजेच्या कार्यक्षमतेचा असतो, त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची आहे हेही पाहावे. पुढे आरटीएक्स ४०६०सारखे ११५ वॉट घेणारे कार्ड लावले, तरी तो बदलावा लागणार नाही. घरातील अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.

कोटेशनमध्ये प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि जीएसटी बिलावर त्याचा सिरियल क्रमांक असावा, असा आग्रह धरावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल मागवला, तरी हे लागू आहे.

उत्तर ३
मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घेतलात, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडावा लागतो. माझ्या मुलीचा मॉनिटर दोन महिने ६० वरच चालत होता आणि आमच्या ते लक्षातही आले नव्हते. पुढे कार्ड बसवाल, तेव्हा मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावावी, नाहीतर कार्ड असून नसल्यासारखे होते. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मदरबोर्डच्या सुरक्षा-सोयी चालू असाव्या लागतात, तेही दुकानातच करून घ्यावे.

आणखी एक विनंती: जोडणी होताना मुलाला शेजारी बसवावे. माझ्या मुलीने रॅमची स्टिक स्वतःच्या हाताने, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली होती. आता पंख्यांवरची धूळही तीच काढते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. दुकानदारांना फोन करून एसएमपीएसचे मॉडेल विचारले, ते त्यांना सांगता आले नाही. कार्ड वगळून, दोन स्टिकसह नवे कोटेशन मागितले आहे आणि जोडणीच्या वेळी मुलाला बसू देण्यास ते तयार आहेत. नवा कागद हाती आला, की येथे सविस्तर लिहीन.